सुचण्याआधीचं काम

वीस रुपयांच्या नोटेच्या मागच्या बाजूला कुठलं चित्र आहे? पाकीट न उघडता सांगायचं. 2019 साली आलेली ही हिरवट पिवळी नोट भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या हातातून रोज फिरते आणि तिच्या पाठीवर आपल्याच राज्यातलं वेरूळ आहे. तरीही पुष्कळांना ते पटकन सांगता येणार नाही. यात लाजण्यासारखं काही नाही. रेमंड निकरसन आणि मॅरिलिन अ‍ॅडम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली त्यांच्याकडचं एक सेंटचं नाणं लोकांना आठवून काढायला सांगितलं होतं. लिंकनचा चेहरा कुठल्या बाजूला वळलाय, साल कुठे आहे, अक्षरं वर आहेत की खाली, यात बहुतेकांची भंबेरी उडाली. पुढे अनेक खोट्या चित्रांतून खरं नाणं ओळखायला सांगितलं, तर निम्म्याहून कमी लोकांना ते जमलं. कारण सरळ आहे. नाणं वापरायला त्याचा रंग आणि आकार कळला की पुरतं, त्यामुळे मेंदू तेवढंच ठेवतो आणि बाकीचं सोडून देतो. रस्ता, स्वयंपाकघर, लोकलचा डबा, शेजारच्यांचा आवाज यांचंही तसंच होतं. या सोडून देण्यामुळेच आपण दिवसभराची कामं न थकता उरकतो. पण लिहू-रेखू पाहणाऱ्याला नेमकं हेच आड येतं. ‘आजूबाजूला बघा, प्रेरणा सगळीकडे आहे’ हा सल्ला म्हणूनच ऐकायला गोड आणि वापरायला निरुपयोगी असतो. आजूबाजूला तर आपण बघतच असतो.

मग काही माणसांना रोजच्याच गोष्टींतून सारखं काहीतरी सुचतं, ते कसं? माझ्या मते याचं उत्तर त्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा त्यांच्या सवयीत शोधावं. एकाच लहानशा जागेकडे किंवा विषयाकडे ती पुन्हा पुन्हा जातात, तिथलं काहीतरी हातानं किंवा गळ्यानं उतरवून घेतात, आणि उतरवायला त्यांच्याजवळ एक ठरलेला साचा असतो. सुचणं हे या खटाटोपातून निघतं, त्याच्या आधी येत नाही. रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञानं 1983 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत बोलका आहे. लिखाण अडलंय अशी तक्रार असलेल्या 27 प्राध्यापकांचे त्यानं तीन गट केले. एका गटानं अगदी निकडीचं सोडून काहीच लिहायचं नव्हतं. दुसऱ्यानं मनात आलं तर लिहायचं होतं. तिसऱ्यानं मात्र रोज ठरलेली पानं लिहायचीच होती, नाहीतर त्यांनी स्वतःच आधी लिहून दिलेला धनादेश त्यांना अजिबात न आवडणाऱ्या एखाद्या संस्थेला रवाना होणार होता. सक्तीच्या गटानं जास्त पानं लिहिली यात नवल नाही. नवल पुढे आहे. सगळ्यांनी आपल्याला लिखाणाच्या नव्या कल्पना कधी सुचतात याचीही नोंद ठेवली होती, आणि सक्तीच्या गटाला साधारण रोज एक, मनाला येईल तेव्हा लिहिणाऱ्यांना दोन दिवसांत एक, तर लेखणी खाली ठेवलेल्यांना पाच दिवसांत एक कल्पना सुचत होती. विश्रांतीनं डोकं ताजं होईल आणि मग सुचेल, ही समजूत इथे टिकली नाही. 27 ही संख्या लहान आहे आणि प्राध्यापक म्हणजे कवी नव्हेत, हे दोन्ही आक्षेप मान्य. एवढ्यावर मी कुणाला कविता लिहायची सक्ती करणार नाही. पण कल्पना कामाच्या मागोमाग येतात ही दिशा कवींच्या बाबतीतही दिसते का, हे तपासण्याजोगं आहे.

तपासायला लागलं की पहिली अडचण इंग्रज कवी कोलरिजची. ‘कुब्ला खान’ ही कविता आपल्याला अफूच्या गुंगीत अख्खी सुचली, जागा होऊन ती उतरवत असताना पॉरलॉक गावाहून कुणीतरी कामासाठी आलं आणि बाकीची विरून गेली, असं त्यानं 1816 साली कविता छापताना प्रस्तावनेत सांगितलं. तेव्हापासून दैवी स्फूर्तीचा दाखला म्हणून ही गोष्ट दोनशे वर्षं फिरते आहे. तिचा मूळ पाया कोलरिजच्याच शब्दांनी जरा हलतो, कारण झोप लागण्याआधी आपण एक जुना प्रवासग्रंथ वाचत होतो आणि त्यातल्या कुब्लाच्या महालाच्या वर्णनाशी आपला डोळा लागला, हे तोच सांगतो. 1927 साली जॉन लिव्हिंग्स्टन लोज या हार्वर्डच्या प्राध्यापकानं ‘द रोड टू झनाडू’ हा जाडजूड ग्रंथ लिहून उरलासुरला पायाही खणून काढला. कोलरिजची एक टिपणवही ब्रिटिश म्युझियममध्ये होती. कवी काय वाचत होता, कुठलं वाक्य उतरवून घेत होता, हे त्या वहीच्या आधारानं लोज पुस्तकापुस्तकातून माग काढत गेला आणि या कवितेतल्या व त्याच्याच ‘एन्शंट मरिनर’ या कवितेतल्या प्रतिमा, अगदी सुटे शब्दसुद्धा, कोलरिजनं आधी वाचलेल्या प्रवासवर्णनांत सापडत गेले. 1934 साली ‘कुब्ला खान’चं एक हस्तलिखित उजेडात आलं, त्यात छापील कवितेपेक्षा काही शब्द वेगळे आहेत. म्हणजे स्वप्नातून आलेल्या कवितेवरही नंतर हात फिरलेला आहे. पॉइंकारे या फ्रेंच गणितज्ञाची गोष्टही अशीच अर्धी सांगितली जाते. घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी त्याला मोठा शोध लागला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधी पंधरा दिवस तो रोज तासदोन तास टेबलाशी बसून हाती काहीही न लागता खपत होता, हे त्यानं स्वतःच नोंदलेलं वाक्य मात्र गळून जातं. अचानक सुचतं, हे नाकारायचं कारण नाही. ज्यानं आधी भरणा केलेला असतो त्यालाच ते अचानक सुचतं, इतकंच.

आता आपल्याकडे येऊ. कवी अरुण कोलटकर मुंबईतल्या काळा घोडा भागात ‘वेसाइड इन’ नावाच्या उपाहारगृहात वर्षानुवर्षं खिडकीशी बसत. समोर एक वाहतूक बेट, म्हणजे रस्त्याच्या मधोमध गाड्या लावायची तिकोनी जागा. पर्यटक तिथून जाताना जहांगीर आर्ट गॅलरीकडे बघतात, बेटाकडे कुणी ढुंकून पाहत नाही. कोलटकरांनी त्या बेटावर पडलेला कुत्रा पाहिला, झाडणारी बाई पाहिली, केराचे तपशील पाहिले, सकाळी इडल्या घेऊन येणारी बाई आणि तिच्याभोवती जमणारी फाटकी गर्दी पाहिली. 2004 साली, त्यांच्या निधनाच्याच वर्षी, ‘काळा घोडा पोएम्स’ हा इंग्रजी संग्रह आला आणि त्या बेटाचा एक मोठा महाल झाला. हा माणूस जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेला आणि जाहिरात व्यवसायात कलादिग्दर्शक म्हणून नावाजलेला होता. त्यांच्या कवितेत डोळा आधी आणि भावना मागाहून येते, त्याचं मूळ मला तिथं दिसतं. ‘जेजुरी’ या त्यांच्या कवितासंग्रहाकडेही या दृष्टीनं पाहावं. यात्रा साठच्या दशकातली, पुस्तक 1976 सालचं. जे त्या एका दिवसात डोळ्यात साठलं त्याला कवितेचा आकार यायला दहाहून जास्त वर्षं गेली. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (1956) तर बांधणीनंच पुन्हा पुन्हा पाहण्याचं पुस्तक आहे. चैत्रापासून एकेक महिना घ्यायचा आणि झाडं, फुलं, पाखरं, आकाश यांचं त्या महिन्यातलं रूप टिपायचं. असं पुस्तक एका वर्षाच्या पाहण्यावर लिहिता येत नाही. गेल्या वैशाखात हे झाड कसं होतं हे ज्याला माहीत आहे त्यालाच यंदा ते आठवडाभर आधी फुललंय हे कळतं, आणि लिहावंसं वाटतं ते त्या फरकामुळे. रोजच्या गोष्टीत बातमी नसते असं आपण म्हणतो ते बरोबर आहे. कालची नोंद जवळ असली की तीत बातमी तयार होते.

इथे कुणी म्हणेल, आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, नोंदी उदंड झाल्या, मग जो तो कवी का नाही झाला? प्रश्न रास्त आहे. लिंडा हेंकेल या संशोधिकेनं 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना एका संग्रहालयात फिरवलं, काही वस्तू नुसत्या पाहायला आणि काहींचे फोटो काढायला सांगितले. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू त्यांना कमी आठवल्या. कॅमेऱ्यानं ठेवलंय म्हटल्यावर मनानं ठेवायचे कष्ट घेतले नाहीत. पण त्यातच एक गंमत होती. वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून ज्यांनी फोटो घेतला, त्यांची आठवण शाबूत राहिली, आणि झूम न केलेल्या भागाचीसुद्धा. निवड करावी लागली की लक्ष जागं होतं. चित्र काढताना तर निवडीवाचून गत्यंतरच नसतं, प्रत्येक रेघ म्हणजे एक निर्णय. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जेफ्री वॅम्स आणि सहकाऱ्यांनी 2016 साली दाखवलं, की एखादा शब्द पुन्हा पुन्हा लिहून काढण्यापेक्षा त्या वस्तूचं चित्र काढलं तर तो जास्त लक्षात राहतो, आणि चित्र चांगलं असण्यानं विशेष फरक पडत नाही. ‘आम्हांला चित्र येत नाही’ म्हणून जे वही बाजूला ठेवतात त्यांनी हे शेवटचं वाक्य दोनदा वाचावं. लंडनमध्ये कामगारांना चित्रकला शिकवणाऱ्या जॉन रस्किननंही 1857 सालच्या आपल्या पुस्तकात भर दिला होता तो नीट पाहायला शिकण्यावर, चित्र हे त्याचं साधन. लेखकाला याचा थेट उपयोग होतो हे व्यंकटेश माडगूळकरांकडे पाहून पटावं. ‘माणदेशी माणसं’ (1949) आणि ‘बनगरवाडी’ (1955) लिहिणारा हा लेखक हातात पेन्सिल धरणाराही होता, त्यांची रेखाटनं पुस्तकांतून छापलेली आहेत. त्यांच्या गद्यात माणूस येतो तो आधी त्याच्या बसण्यातून, पटक्यातून, चालण्यातून. स्वभावाचं विशेषण सहसा मागूनच येतं किंवा येतच नाही. गोव्याच्या लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी तरुणपणी चित्रांची रोजनिशी ठेवली होती आणि 1949 ते 1951 या वर्षांच्या रोजनिश्या पुढे पुस्तकरूपानं आल्या. गावातली लग्नं, पाद्री, वाद्यवाले, भांडणं, दुपारच्या डुलक्या असा सगळा संसार तिथे आहे. पुढच्या काळातला मारिओ ज्या गर्दीच्या चित्रांनी ओळखला गेला, ती गर्दी या वह्यांत एकेक करून जमलेली होती.

वाचनाचंही हेच. आपण पुस्तकं संपवतो आणि विसरतो, कारण वाचलेल्यातलं काहीच हातानं उतरत नाही. आपल्याकडे यावर एक जुना आणि चोख उपाय होता, तो म्हणजे बाड. कीर्तनकार, वारकरी, घरातली जाणती माणसं आवडलेले अभंग, पदं, आर्या, कुठे एखादं औषध, कुठे देण्याघेण्याचा हिशेबही एकाच हातशिवणीच्या वहीत उतरवत. संतसाहित्याचा फार मोठा भाग अशा बाडांमुळे आपल्यापर्यंत आला. उतरवणारा नुसता जपत नव्हता, कुठला अभंग कुणाशेजारी ठेवायचा हेही ठरवत होता, आणि उद्याच्या कीर्तनात कुठला दाखला कुठे चपखल बसेल हे त्याला त्या शेजारातून सुचत असे. हात चालू असला की काय काय घडतं याचं सगळ्यात विलक्षण उदाहरण मात्र रवींद्रनाथांचं. कवितेतल्या खोडलेल्या ओळी विद्रूप दिसू नयेत म्हणून ते खाडाखोडी एकमेकींना जोडून आकार करत. 1924 साली अर्जेंटिनातल्या मुक्कामात ‘पूरबी’ या कवितासंग्रहाच्या हस्तलिखितात या खोडण्यांचे पक्षी, मुखवटे, अनोळखी प्राणी झाले. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. 1930 साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं आणि मागे दोन हजारांहून जास्त चित्रं राहिली. चित्रकार होण्याची प्रेरणा शोधत ते कुठे गेले नव्हते. कविता दुरुस्त करत बसले होते.

सगळ्यात वजनदार आक्षेप मी मुद्दाम मागे ठेवला आहे. ही सगळी फुरसत असलेल्या माणसांची उदाहरणं झाली, ज्यांना सकाळी पाणी भरायचंय आणि संध्याकाळी भाकऱ्या थापायच्यात त्यांनी खिडकीशी कधी बसावं? याला वहीवाल्यांकडे उत्तर नाही, जात्याकडे आहे. पहाटे उठून घरच्या दळणाला बसणाऱ्या मराठी बायकांनी ज्या ओव्या रचल्या त्यांतल्या एक लाखाहून जास्त ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हां यांच्या पुढाकारानं गावोगाव फिरून जमवल्या गेल्या. लिहिता न येणाऱ्या, दिवसाचा एकही तास स्वतःचा नसलेल्या बायकांची ही रचना आहे. तिथे काय होतं ते बारकाईनं पाहावं. जागा तीच, वेळ तीच, खुंट्याला धरून हात गोल फिरतोय, मधून मूठभर दाणे पडतायत आणि ओवीची लय फिरण्याच्या लयीला बांधलेली. साचा आयता असल्यामुळे कसं म्हणायचं याची चिंता नव्हती, काय म्हणायचं तेवढंच उरलं. ते भाऊ, माहेर, सासू, पंढरी, लेकीचं लग्न असं हाताशी होतं. ओळ नवी असली तरी तिची पहिली अर्धी बाजू पुष्कळदा परंपरेतून उचललेली असे, आणि यात कुणाला कमीपणा वाटत नसे. बहिणाबाई चौधरी (1880–1951) याच मातीतल्या. अक्षरओळख नाही, शेतात आणि घरात राबता राबता गाणी रचली, ती मुलगा सोपानदेव आणि नातलगांनी उतरवून घेतली आणि 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. त्यात नांगर आहे, पेरणी आहे, सुगरणीचा खोपा आहे, म्हणजे जळगावकडच्या कुठल्याही शेतकरणीच्या नजरेखालून रोज जाणाऱ्या गोष्टी. तेव्हा वही हवीच असा माझा आग्रह नाही. लय, ठरलेली वेळ आणि पाठ राहणारा साचा ही वहीचीच कामं करतात. मात्र यावरून कष्टांचे गोडवे गाऊ नयेत. विजेची गिरणी आली तेव्हा ओव्या आटल्या हे खरं, पण दळणाचा डबा गिरणीत ठेवून घरी परतणाऱ्या बाईनं त्याचं सुतक पाळलं असेल असं वाटत नाही. प्रश्न एवढाच, की मोकळ्या झालेल्या हातांना आणि गळ्याला दुसरा साचा मिळाला का.

तो द्यायची जागा म्हणजे शाळा, आणि तिथली गंमत पाहण्यासारखी आहे. महाराष्ट्रातली कित्येक मुलं कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसतात. त्यात स्मरणचित्राची पत्रिका असते. कल्पना उत्तम. बाजार, बसथांबा, पाणवठा असं पाहिलेलं दृश्य आठवून काढायचं. प्रत्यक्षात पुष्कळ वर्गांतून होतं ते असं, की एक बसतं चित्र महिनाभर घोटून घ्यायचं आणि विषय कुठलाही आला तरी तेच थोडं फिरवून बसवायचं. मग बाजारात जो फुगेवाला डावीकडे उभा असतो तोच जत्रेत उजवीकडे जातो, आणि सगळ्या बायका पाठमोऱ्या असतात कारण चेहरा काढायला वेळ लागतो. ‘मी पाहिलेली जत्रा’ हा निबंध जत्रा न पाहता निबंधमालेतून उतरवला जातो, तोही याच चालीवर. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. साचा दिला, पण पाहणं दिलं नाही. परीक्षेत गुण मिळायला तेच खात्रीचं, असं शिक्षक म्हणतील, आणि चाळीस मुलांना घेऊन बाजारात कुठे जायचं, असंही म्हणतील. बाजार राहू द्या. शाळेच्या फाटकासमोर जो कुणी बोरं-चिंचा, पेरू नाहीतर वडापाव विकत उभा असतो तो एक माणूस पुरे. पंधरा दिवस, रोज मधल्या सुट्टीत पाच मिनिटं, पेन्सिल आणि पाठकोरा कागद घेऊन त्याच्याकडे पाहायचं. पहिल्या दिवशी टोपली येईल. तिसऱ्या दिवशी तो तराजू कुठल्या हातात धरतो ते येईल. आठव्या दिवशी तो सुट्टे पैसे कुठे ठेवतो, उन्हाबरोबर गाडी किती सरकवतो, मोठ्या मुलांशी आणि लहानांशी वेगळं कसं बोलतो, हे कागदावर यायला लागेल, आणि तेवढ्यावर निबंधही होईल. गुणांचं काय, तर बिघडायचं काही कारण दिसत नाही. परीक्षकालाही दिवसभरात त्याच फुगेवाल्याला शंभराव्यांदा गुण देण्यापेक्षा ते बरं वाटेल.